एक घर, एक पाणी

देवीदास टेलरच्या दोन्ही किडन्या ठणठणीत होत्या, आणि त्याच्या बायकोविरुद्ध तोच सगळ्यात भक्कम पुरावा ठरला.

कारणपत्रकात तसं स्वच्छ छापलं होतं: 'जोडीदाराचा नमुना निर्दोष. सबब पाणी हे कारण संभवत नाही.' तालुक्याच्या डायलिसिस केंद्राबाहेरच्या बाकावर बसून देवीदासनं ते मोबाईलवर ओठ हलवत दोनदा वाचलं, मोबाईल खिशात टाकला आणि मांडीवरच्या शाळेच्या शर्टाला काज करायला घेतले. आत बेबीबाई मशीनला लावलेली होती. आठवड्यातून तीन वार हाच बाक, हीच भिंत आणि तोच फिनेलचा वास. दोन वर्षांत त्यानं इथं बसून इतके काज केले होते, की निम्म्या तालुक्याच्या पोरांचे शर्ट त्याच्या बायकोच्या आजारपणात शिवून निघाले होते. थकला होता बिचारा. पण तसं म्हणायची सोय नव्हती. आत पडलेली बाई त्याच्याहून दसपट थकलेली होती आणि तिनं एकदाही तक्रार केली नव्हती.

पूर्वी डॉक्टर आजाराचं नाव सांगायचे. का झाला म्हणून विचारलं, की 'अनेक कारणं असतात' असं पुटपुटून पुढच्या पेशंटला हाक मारायचे. आजाराचं कारण मोजणारी कारणमापी आली आणि ही पळवाट बंद झाली. त्यामागचं विज्ञान फार अवघड नाही. आपल्या पेशींतल्या जनुकांवर आयुष्यभर बारीक रासायनिक खुणा बसत जातात. जनुक तेच राहतं, पण ऊन, धूळ, फवारणीचं औषध, उपासमार, जे जे अंगावरून जातं ते आपली खूण मागं ठेवून जातं. घडीचं कापड उलगडलं तरी घडी कुठं होती ते दिसतंच ना, तसं. किडनीच्या काही पेशी रोज लघवीवाटे गळून पडतात. त्यांच्यावरच्या खुणा वाचायच्या, लाखो माणसांच्या खुणांशी ताडून बघायच्या आणि आजारात कशाचा किती वाटा ते काढायचं. वाटे चार: जागा, काम, रक्त आणि सवय.

एवढं कळल्यावर सरकार थोडंच गप्प बसणार? लगेच कायदा झाला. जागेचा वाटा मोठा निघाला तर उपचार त्या पट्ट्याच्या निधीतून. कामाचा निघाला तर मालकाकडून. रक्ताचा निघाला तर सगळ्यांच्या तिजोरीतून. आणि सवयीचा निघाला तर तुमचं तुम्ही निस्तरा, वर रांगेतही सगळ्यात मागं उभे राहा.

मग नकाशा आला. एकच आजार, पण पट्ट्यापट्ट्याला त्याची कारणं वेगळी निघाली. कुठं धूळ, कुठं फवारणी, कुठं ऊन, तर कुठं नुसतं बसून खाणं. ज्या पट्ट्यात जागेचा वाटा जास्त तो लाल, कमी तो हिरवा. कारखानदारांनी तो नकाशा हां हां म्हणता पाठ केला. लाल पट्ट्यातला माणूस घेतला आणि उद्या तो आजारी पडला, तर दोष जागेचा की कामाचा यावर वर्षानुवर्षं भांडत बसावं लागणार. त्यापेक्षा हिरव्यातला घ्यावा, ब्याद नको. सोयरिकीतही मुलाचं शिक्षण विचारायच्या आधी पट्ट्याचा रंग विचारू लागले. लाल गावातल्या जमिनीला गिऱ्हाईक मिळेना.

लोणखेड पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. काळी जमीन, कपाशी बरी येते, पण विहीर खणली की मचूळ खारं पाणी. त्यात साबणाला फेस येत नाही की डाळ शिजत नाही. नळाचं गोडं पाणी लांबच्या धरणातून येतं, तेही त्याच्या मर्जीनं. म्हणून घरोघर दोन पाणी. खारं धुण्याभांड्याला, गोडं पिण्याला. गावात किडनीचे पेशंट कमी नव्हते, त्यातही बायाच जास्त. त्यामुळे गाव लाल होणार अशी सगळ्यांची खात्री होती. प्रत्यक्षात अख्खा पट्टा हिरवागार निघाला. कारण सवय, असं कारणमापीनं सांगितलं: बाया अंगदुखीच्या गोळ्या फार खातात. सरपंचांनी पेढे वाटले. आजाराच्या निकालावर पेढे वाटणारं हे पहिलंच गाव असावं.

किडनीच्या बाबतीत कारणमापीची एक अडचण होती. खारं पाणी, उन्हात अंगातलं पाणी आटणं आणि दुखण्याच्या गोळ्या, या तिन्हींच्या खुणा जवळजवळ सारख्या दिसतात. नखांतलं मीठ तपासावं, तर दिवसभर खाऱ्या पाण्यात भांडी घासणाऱ्या बाईच्या नखात ते सापडणारच. म्हणून यंत्र दोन गोष्टी बघायचं. एक, पेशंटला तोंडी विचारायचं, की पाणी कोणतं पिता. दुसरी, त्याच घरातला जोडीदार तपासायचा. घर एक तर पाणी एक. जोडीदार ठणठणीत असेल तर पाणी सुटलं, गोळ्या अडकल्या.

बेबीबाईनं कंबरदुखीसाठी गोळ्या खाल्ल्या होत्या, नाही असं नाही. कोणत्या बाईनं खाल्ल्या नाहीत? पण त्यामुळे ती 'सवय' या रकान्यात गेली, आणि उन्हाळा संपला की तिचे तीन वार काढून रांगेतल्या दुसऱ्या कोणाला दिले जाणार होते. तीनाचे दोन वार झाले की माणसाच्या अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, रात्री आडवं झोपता येत नाही. वारच नसला तर काय होतं ते केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर कोणी बोलत नसे.

देवीदासनं फेरतपासणीचा अर्ज केला. आयुष्यात सरकारशी त्याचा तेवढाच पत्रव्यवहार.

अर्जाची बातमी पुण्याला पोचायला वेळ लागला नाही. त्याचा मुलगा वेदांत चाकणकडं बॅटरीच्या कारखान्यात होता. त्याचा फोन आला तेव्हा देवीदास दुकानात एकटाच होता.

"बाबा, अर्ज मांगं घ्या."

"मायचा वार जाईन ना बे."

"मी खासगीत पाहतो ना कुठं. पन अर्ज नोको. इथं नकाशा पाहूनच घेतात. आपला पट्टा हिरवा हाये म्हून मी हाये. माहा करार पावसाळ्याच्या तोंडी संपते. तेवढ्यात लाल झाला त कोन ठेवते मले?"

"एका मायच्या अर्जानं पट्टा थोडाच लाल होते!"

"होते बाबा. एक सुटला की सारे सुटतात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मायले सांगू नोका मी असं म्हटलं म्हून."

देवीदासनं सांगितलं नाही. पण दुकान म्हणजे घराचीच समोरची खोली. घर दोन खोल्यांचं, आणि मधल्या दाराला नुसता पडदा. पडद्यामागून भांड्यांचा आवाज यायचा थांबला होता.

संध्याकाळी सरपंच बाळासाहेब भुईभार पायजम्याचं माप द्यायला आले. माप जुनंच होतं. गावाजवळ कापडाचा मोठा कारखाना येऊ घातला होता, हिरवा रंग बघूनच. सरपंच माणूस वाईट नव्हता, त्यानं धमकी वगैरे काही दिली नाही. "देवीदास, शंभर पोट्ट्यायले काम लागन," एवढंच म्हणाला. "वहिनीच्या बिमारीचं मले वाईट नाई वाटत का? पन पाय बावा, तूच पाय." आणि न दिलेल्या मापाची पावती मागून निघून गेला. देवीदास मशीनच्या चाकावर हात ठेवून बसून राहिला. कोणावर चिडावं हेसुद्धा त्याला कळेना.

फेरतपासणीला आली ती कारणमापीच्या खात्यातली, साताऱ्याकडची श्रावणी निकम नावाची मुलगी. पट्ट्यातल्या गावागावांतून फिरून तिचा चेहरा उन्हानं रापला होता. चप्पल दाराबाहेर काढून, वाकून नमस्कार करून आत आली. बेबीबाई आदल्या दिवशीच डायलिसिसहून आलेली, पलंगावर पडून होती. ती धडपडत उठून बसली, पदर सारखा केला.

"तुम्ही पडून राहा हो, बेबीबाई. काही घाई नाही," श्रावणी म्हणाली.

एका उद्धट शब्दाला जागा नाही अशी मुलगी. तिनं डबीएवढी कारणमापी स्टुलावर ठेवली, लघवीचा नमुना लावला, देवीदासचाही लावला. थोड्या वेळानं निकाल आला. तोच, हुबेहूब आधीसारखा.

"मग प्रश्नही पुन्हा विचारायला हवेत," ती म्हणाली, आणि कारणमापीच्या गोड आवाजानं विचारलं, "कृपया सांगा, तुम्ही पिण्यासाठी कोणते पाणी वापरता?"

"गोडं," बेबीबाई म्हणाली.

"नेहमी?"

"हाव. नेहमीच गोडं."

श्रावणीनं मान हलवली. देवीदासकडं तिनं असं काही बघितलं, की आता पुढं करण्यासारखं काही उरलं नाही हे त्याला सांगावं लागलं नाही.  तरी पाहुणी घरात आलेली, उन्हातून आलेली, आणि अजून तिला कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. बेबी उठायला लागली तसं त्यानं तिला हातानं बसवलं.

"मी आनतो. तू बस."

समोरच्या खोलीतली गोड्या पाण्याची स्टीलची टाकी कोरडी होती. नळ आला नव्हता. तो पडदा बाजूला करून आत गेला. आत म्हणजे स्वयंपाकघरात. तिथं तो जेवायलाही बसत नसे, ताट बाहेर यायचं. दारामागं एक लहान माठ झाकून ठेवलेला दिसला. बरं झालं, हिनं थोडं राखून ठेवलंय, असं त्याला वाटलं. त्यानं पेला भरला आणि पाहुणीला आणून दिला.

श्रावणीनं एक घोट घेतला. गिळावा की थुंकावा असा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर उमटला. शेवटी तिनं तो गिळला आणि पेला हळूच खाली ठेवला.

बेबीबाईनं पेल्याकडं बघितलं, आणि दोन वर्षांत कधी चढला नव्हता एवढा आवाज चढवला. "अजी! हे कायले देल्लं पावनीले? हे त माहं हाये!"

"तुहं म्हंजे?"

"माहं. पेयाचं." ती शरमेनं लाल झाली होती. "माफ कर वं पोरी. टाकीत नव्हतं ना, यायले समजलंच नाई."

देवीदासनं पेला उचलून घोटभर घेतला. मचूळ, कडवट, जिभेला चिकटणारं. विहिरीचं पाणी. त्यानं ते लहानपणी एकदा पैजेवर पिऊन बघितलं होतं, त्यानंतर आजच.

श्रावणी पुढं सरकली. "बेबीबाई, नीट सांगा. तुम्ही कोणतं पाणी पिता?"

"गोडं."

"मग हे?"

"हे माहं."

श्रावणीला वाटलं, बाई घाबरली आहे, काहीतरी लपवते आहे. तिनं पुन्हा सावकाश, जास्तच अदबीनं विचारलं, "भिऊ नका. तुम्ही, तुम्ही स्वतः, काय पिता?" बेबीबाईही तितक्याच शांतपणे म्हणाली, "सांगतलं ना बाई. आमी गोडंच पेतो."

तेव्हा देवीदासच्या डोक्यात प्रकाश पडला. इतक्या उशिरा पडला, की त्याला त्याची लाजच वाटली.

"म्याडम," तो म्हणाला, "तिले तुमी म्हनू नोका."

"म्हणजे?"

"तिले जनमात कोनं तुमी म्हटलं नाई. माय-बापानं नाई, सासूनं नाई, म्या नाई. तुमी म्हटलं की तिले वाटते, घराचं इचारून रायले. घरात गोडंच पेतात. ते घराचं सांगते." तो बायकोकडं वळला. "अवं, तू. घर सोड. मी सोड, पोट्टं सोड. तू एकटी. तू कोनतं पानी पेतं?"

"मी?" बेबीबाईला प्रश्नच विचित्र वाटला. "मी खारं."

"कधीपासून?"

"आल्यापासून." लग्न होऊन आल्यापासून, असा त्याचा अर्थ. "नळ असा कधीमधी येते. तुमाले पुरावं, पोराले पुरावं, आल्यागेल्याले पुरावं, मंग आपुन खारं पेलं त काय झालं? सासूबाई पेत होत्या. साऱ्याच पेतात. मी काय इगळी हावो?" मग जरा समजुतीच्या सुरात म्हणाली, "आता त गोडं मले फिकं लागते."

"अन् डॉक्टरनं पानी कमी कर म्हटलं तवा?"

"कमीच पेते ना."

 बायकोला पाणी पिताना आपण कधी बघितलं होतं, हे देवीदास आठवू लागला. चहा पिताना आठवली, उपासाला ताक पिताना आठवली, पण पाणी पिताना एकदाही आठवेना. एवढ्या वर्षांच्या संसारात तिला तहान लागत असेल हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. त्याला स्वतःची मनापासून किळस आली.

श्रावणी खिडकीबाहेर बघत होती. "हा प्रश्न माझा आहे," ती शेवटी म्हणाली. "आधीच्या मसुद्यात 'तू' होतं. बायकांशी सरकारनं असं बोलू नये म्हणून मीच भांडून 'तुम्ही' करून घेतलं." ती कडवट हसली. "आणि पट्ट्यातल्या प्रत्येक गावात प्रत्येक बाईला हाच विचारलाय. सगळ्यांचं उत्तर गोडंच आहे."

बेबीबाई दिसते तेवढी साधी नव्हती. तिनं लगेच विचारलं, "म्हंजे आता लाल होईन?"

"तुमची... तुझी नोंद बदलली की सगळ्यांनाच पुन्हा विचारावं लागेल. हो. बहुतेक होईल."

"मंग नोको लिहू पोरी." बेबीबाईनं हात जोडले. "माहं काय, आज हाये उद्या नाई. माहा वेदांत उघड्यावर पडन. म्या काई सांगतलंच नाई असं समज. मशीननं इचारलं त मी गोडंच सांगीन."

"तसं असेल तर मी जबरदस्ती करू शकत नाही," श्रावणी म्हणाली. मग नियम म्हणून, मान खाली घालून, पुढचं बोलली. "जोडीदारानं सांगितलं तरी चालतं मात्र."

बेबीबाई नवऱ्याकडं वळली. "तुमाले वेदांतची आन हाये," ती म्हणाली.

 बाहेर कोणाच्या तरी दारात नळ आल्याची आरोळी झाली आणि गल्लीतून बादल्या धावल्या. बेबी सवयीनं उठायला गेली, तिला उठवेना. तिचा तो प्रयत्न बघून देवीदासनं ठरवलं. कारणमापी त्यानं जवळ ओढली आणि इतकी वर्षं घराबद्दल बोलताना 'आमी' म्हणत आलेला तो माणूस म्हणाला, "मी देवीदास लाखे. मी गोडं पानी पेतो. माही बायको खारं पेते. माह्या घरी दोन पानी हायेत."

पलंगावर बेबीबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

पुढचं सगळं वेदांत म्हणाला होता तसंच झालं. पट्ट्यातल्या गावोगाव पुन्हा विचारणी झाली, या वेळी नवऱ्यांना बाहेर बसवून आणि बायांना 'तू' म्हणून. लोणखेडच्या बाया एकामागून एक 'मी खारं' म्हणाल्या आणि पट्टा लाल झाला. कापडाचा कारखाना दुसरीकडं गेला. वेदांतचा करार संपला तो संपलाच. बायकोला आणि दोन ट्रंका घेऊन तो घरी आला, बापाशी एक शब्द न बोलता दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर बसला आणि पायजमे शिवू लागला. भुईभारांनी माप देणं बंद केलं. गावातले लोक म्हणाले, देवीदासनं घरातलं बाहेर काढलं. बायका मात्र काहीच म्हणाल्या नाहीत. ब्लाउज टाकायला आलेल्या एकीनं फक्त, "भाऊजी, तुमच्या घरी निदान सांगनारा तरी..." एवढं म्हटलं आणि वाक्य तिथंच सोडून दिलं.

बेबीबाई त्याच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. बोलली तेव्हा ताट पुढं सरकवत बोलली. "तुमाले कोनं सांगतलं होतं माही बाजू घ्याले?"

 भाजी अळणी होती, देवीदासनं ती मुकाट्यानं खाल्ली. तिला वाचवावं म्हणून तो बोलला होता की स्वतःची लाज धुवावी म्हणून, हे त्यालाही धड सांगता आलं नसतं. वार मात्र पक्का झाला होता. नव्या पत्रकात जागेचा वाटा सगळ्यात मोठा होता, सवयीचा नावापुरता. तीन वार आता कोणी काढून घेणार नव्हतं. निदान त्याला तसं वाटत होतं.

मग पाऊस संपता संपता एका सकाळी ते केंद्रावर पोचले, तर ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. नवीन पेशंट. सगळ्या बायाच, खारपाणपट्ट्यातल्या. कालपर्यंत 'सवय' म्हणून घरी बसलेल्या, आता जागेच्या निधीवर हक्क सांगत आलेल्या. हक्क सगळ्यांना मिळाला होता. मशीनं होती तेवढीच होती.

गवई सिस्टर दारात उभी राहिली. तिच्याही डोळ्यांखाली काळं झालं होतं. "नवीन मशीनं येनार हायेत," ती म्हणाली, "कधी येतीन ते मले इचारू नका. ज्यायले तीन वार हायेत त्यायचा कायद्यानं मी काढू शकत नाई. पन कोनं आपल्या मनानं तिसरा वार सोडला, त एका नवीन बाईचा जीव वाचन. मी हात जोडून इचारते. कोन देते?"

बाकावर जुन्या बाया ओळीनं बसल्या होत्या.  पहिली म्हणाली, "घ्या माहा." दुसरीनं नुसती मान हलवली. तिसरी म्हणाली, "देऊन टाका, काय करता." अंगवळणी पडलेलं होतं त्यांच्या. जन्मभर दुसऱ्याला पुरावं म्हणून हात आखडलेल्या बाया, आता काय वेगळं करणार? पुढचा नंबर बेबीबाईचा होता.

देवीदास पिशवी धरून भिंतीशी उभा होता. ती काय म्हणणार ते त्याला माहीत होतं. समोरच एक पोरसवदा बाई खाली बसली होती, पाय सुजून चपलेत मावेनात, धाप लागलेली. पोपटी लुगड्याच्या पदरानं ती सारखं तोंड पुसत होती. तिच्याकडं बघितलं की कोणीही वार देऊन टाकावा अशीच ती होती. देवीदासच्या तोंडापर्यंत 'नको' आलं, पण एकदा तो बायकोच्या वतीनं बोलला होता, आणि त्याचं काय झालं ते घरात पायजमे शिवत बसलं होतं. त्यानं दात आवळून धरले.

"मावशी, तुमचा?" सिस्टरनं विचारलं.

बेबीबाईनं त्या पोपटी लुगड्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग सिस्टरकडं बघून म्हणाली, "मी नाई देत."

"काय म्हटलं?"

"मी नाई देत." ती पुन्हा म्हणाली. "माहा वार मले पायजे."

ओळीतल्या बायांनी माना वळवून तिच्याकडं बघितलं. कोणी नाक मुरडलं, कोणी तोंडावर पदर घेतला. बेबीबाई मान वर करून तशीच बसून राहिली.  सिस्टरनं दोनदा मान हलवली आणि पुढच्या बाईकडं वळली.

देवीदासला इतका आनंद झाला, की त्याचे डोळे भरून आले. जन्मात एकदा त्याच्या बायकोनं काहीतरी स्वतःसाठी मागितलं होतं आणि ते सगळ्यांसमोर मागितलं होतं. नाक पुसून त्यानं मान वर केली, तर पोपटी लुगड्यातल्या त्या पोरीचा नवरा दिसला. कोवळा पोरगा, छातीशी पिशवी धरून उभा, आणि एकटक बेबीकडंच बघत होता.

देवीदास बाकावर टेकला, सरकून त्याच्यासाठी जागा केली आणि हातानं बस म्हणून खूण केली. तो बसला नाही.